मरीन ड्राइव्हचे रात्रीचे फोटो हलतात?
तुमचे फोटो हलतात ते हातात धरलेल्या कॅमेऱ्यामुळे. कॅमेरा बदलायची काही गरज नाही. ट्रायपॉड घ्याच. तोवर कठड्यावर पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा, पट्टा मात्र गळ्यातच असू द्या. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/8, शटर (उघडं राहण्याचा वेळ) 10 सेकंदांपासून सुरुवात करा. बटण दाबतानाही कॅमेरा हलतो, म्हणून 2 सेकंदांचा टायमर लावा. ऑटोफोकस अंधारात चाचपडतो; लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या थेट चित्रात, लांबचा एखादा दिवा मोठा करून फोकस हाताने जुळवा. माझी पहिली अख्खी रात्र यातच वाया गेली होती! आणि हो, काळ्याकुट्ट आकाशाची वाट बघत बसू नका. सूर्यास्तानंतर साधारण 20 ते 30 मिनिटांनी आकाश गडद निळं असतं आणि दिवेही लागलेले असतात, तेव्हाच काढा.