क्रिओमधील मॉडेल सॉलिडवर्क्समध्ये आणताना फाइल कोणत्या स्वरूपात मागवावी?

आपला ग्राहक क्रिओ वापरतो, आपण सॉलिडवर्क्स वापरता (दोन्ही त्रिमितीय डिझाइनची सॉफ्टवेअर), आणि त्याची आयजेस (IGES) फाइल उघडल्यावर फीचर ट्री (मॉडेल कोणत्या पायऱ्यांनी घडवले त्याची यादी) तर येत नाहीच, शिवाय सॉलिडऐवजी (भरीव आकाराऐवजी) सुट्या सरफेस (पृष्ठभाग) येतात, असे आपण लिहिले आहे. मी इंजेक्शन मोल्डचे, म्हणजे प्लास्टिकचे भाग बनवण्याच्या साच्यांचे, डिझाइन करतो आणि हा अनुभव मला वारंवार येतो.

फीचर ट्रीची अपेक्षा सोडून द्यावी. आयजेस किंवा स्टेपसारख्या तटस्थ स्वरूपाच्या, म्हणजे कोणत्याही एका सॉफ्टवेअरशी न बांधलेल्या, फाइलमधून तयार झालेला आकार येतो, तो कोणत्या क्रमाने घडवला हे येत नाही.

आयजेसऐवजी स्टेप (STEP) फाइल मागवावी. आयजेस १९८० सालचे असून १९९६ नंतर त्याची नवी आवृत्ती निघालेली नाही, आणि त्यात बहुधा सुटे पृष्ठभागच लिहिले जातात. स्टेपमध्ये मात्र कोणता पृष्ठभाग कोणत्या कडेने कशाला जोडलेला आहे हेही नोंदलेले असते. स्टेप फाइल नोटपॅडमध्ये उघडून सुरुवातीच्या ओळींत ‘फाइल स्कीमा’ (FILE_SCHEMA) पाहावा: तेथे ‘ऑटोमोटिव्ह डिझाइन’ (AUTOMOTIVE_DESIGN) असेल तर ती स्टेपच्या एपी २१४ या प्रकारातली आहे, आणि आपल्या कामाला ती पुरेशी आहे.

तरीही पृष्ठभागांमध्ये फटी राहू शकतात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा पाठवणाऱ्याच्या बाजूला असते. सॉलिडवर्क्सच्या मुळाशी पॅरासॉलिड हे कर्नल (आकारांचे गणित करणारा गाभा) आहे, क्रिओचे कर्नल वेगळे आहे, आणि दोन पृष्ठभाग ‘जुळले’ असे किती अंतरापर्यंत मानायचे याचे दोघांचे निकष निराळे आहेत. क्रिओमध्ये सापेक्ष अचूकता निवडलेली असेल, आणि तिचे नेहमीचे मूल्य ०.००१२ आहे, तर ही मर्यादा भागाच्या आकारमानाबरोबर वाढते. म्हणून ग्राहकाला निरपेक्ष अचूकता, उदाहरणार्थ ०.०१ मिमी, ठेवून मॉडेल रिजनरेट करण्याची (नव्याने घडवून घेण्याची) आणि मगच एक्स्पोर्ट करण्याची विनंती करावी. ही एक विनंती आपले कित्येक तास वाचवते.

एका डब्याच्या झाकणात, तीन फिलेट (गोलाई दिलेल्या कडा) एकत्र येतात त्या कोपऱ्यातला तांदळाच्या दाण्याएवढा पृष्ठभाग गायब होता. शेडेड व्ह्यूमध्ये तो माझ्या लक्षात आला नाही, आणि कोअर-कॅव्हिटी (साच्याचे दोन भाग) वेगळी करताना सॉलिड होईना तेव्हा अर्धा दिवस मी पार्टिंग लाइनमध्येच (ते दोन भाग जिथे मिळतात त्या रेषेतच) चूक शोधत राहिलो. तेव्हापासून फाइल आली की आधी सॉलिडवर्क्समधली इम्पोर्ट डायग्नोस्टिक्स ही तपासणी चालवतो आणि ग्राहकाकडून भागाचे घनफळ मागवून आपल्याकडील आकड्याशी ताडून पाहतो.

स्टेपसोबत ड्रॉइंगची पीडीएफ मात्र न चुकता मागवावी. क्रिओमधला कॉस्मेटिक थ्रेड (आट्यांची केवळ खूण) स्टेपमध्ये आटे म्हणून उमटत नाही, त्यामुळे एम६चे (६ मिमीच्या स्क्रूच्या आट्यांचे) भोक आपल्याला साधे ५ मिमीचे भोक म्हणून दिसते, आणि तेथे टॅप मारायचा (आटे पाडायचे) आहे हे फक्त ड्रॉइंगवरूनच कळते.