आधी त्याला सांग, घरी नंतर

मित्रा, तुझं एका मुलावर प्रेम आहे, घरचे लग्नाचं दडपण आणतायत आणि आधी कोणाला सांगावं ते कळत नाही, असं लिहिलंस; तुझ्या जिवाची घालमेल कळतेय रे. आधी त्याच्याशीच मोकळेपणाने बोल. मी उलटं केलं. मुलगी बघायला जायच्या आदल्या रात्री आईला सांगून टाकलं. ती दोन वर्षं माझ्याशी धड बोलली नाही. हातात स्वतःचा पगार, राहायला स्वतःची खोली असती, तर ती रात्र इतकी जड गेली नसती. 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तुमचं प्रेम गुन्हा नाही, हे पक्कं धर. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही समलिंगी लोकांसाठी काम करणारी संस्था 1994 पासून आहे, तिथे बोलता येईल. दडपणाखाली लग्न मात्र करू नकोस, त्या मुलीचं आयुष्यही त्यात होरपळतं. ताई समजूतदार आहे म्हणालास ना? घरात पहिल्यांदा तिलाच सांग.