घोडा चढवायचा, चाप ओढायचा

प्रश्न असा आहे : एका जुन्या, भरपूर वापरलेल्या पिस्तुलाच्या वर्णनात 'घोडा झिजलेला, चाप चांगला' असं वाचलं. घोडा आणि चाप एकच ना? गोळी सुटते ती घोडा दाबल्यावरच!

एकच नाहीत. रहस्यकथांनी 'त्याने घोडा दाबला' हे वाक्य इतकं घासून गुळगुळीत केलंय की आता ते चूक म्हणायचीही चोरी. पण हत्यार हाताळणाऱ्याच्या बोलण्यात दोन्ही वेगळे राहिले तरच वर्णनाला अर्थ उरतो. तर्जनीनं ओढायचा तो चाप. वरच्या अंगाला असतो, अंगठ्यानं मागे खेचायचा, तो घोडा. घोडा चढवतात, चाप ओढतात. चाप ओढला की चढवलेला घोडा सुटतो आणि पुढे जाऊन आपटतो.

इथे घोडाच का, याची गंमत इतर भाषांकडे पाहिल्यावर कळते. इंग्रजी, जर्मन आणि तुर्की माणसाला याच भागात कोंबडा दिसला. फ्रेंच, इटालियन आणि पोर्तुगीज माणसाला कुत्रा. स्पॅनिशमध्ये तर खालच्या चापाचं नाव 'गातियो', म्हणजे मांजराचं पिल्लू! जुन्या चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीनं बार उडवणाऱ्या पिस्तुलात या भागाला खरोखरच जबडा असतो आणि त्यात कातड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली गारगोटी आवळलेली असते. कोंबड्याला कुठला आलाय जबडा? तेव्हा आपला घोडाच बरा.

'चाप' म्हणजे मुळात धनुष्य, हा संस्कृत शब्द. ताणलेलं, सोडलं की झटक्यानं मूळ जागी येणारं, ते ते चाप. केसांचा चाप त्याच कुळातला. 'चाप लावणे', 'चाप बसणे' हे वाक्प्रचार मात्र माझ्या मते बंदुकीवरून नव्हे, या चिमट्यासारख्या चापावरून आले असावेत, कारण बंदुकीचा चाप ओढला तर सुटका होते, आवळणूक नव्हे.

आता 'झिजलेला' या शब्दाकडे येतो. माझ्या एका मित्रानं असंच एक ठासणीचं, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायचं पिस्तूल घेतलं, तेव्हा ते पाहायला मीही बसलो होतो. मुठीवरची जाळीदार नक्षी कडेला बोटाला टोचत होती, पण जिथे तळहात बसतो तिथे लाकूड साबणाच्या वडीसारखं सपाट. घोडा हळूहळू मागे घेतला की दोनदा 'खट' असा आवाज यायला हवा. पहिल्या खटक्यावर घोडा अर्धा चढलेला, तिथे चाप ओढला तरी तो सुटू नये. दुसऱ्या खटक्यावर पूर्ण चढलेला. या पिस्तुलात पहिला खटका ऐकू आला, पण अंगठा सैल करताच घोडा सरकून खाली आला. मित्र म्हणाला, 'घोडा झिजलाय.' घोडा ठणठणीत होता. झिजली होती ती आतली खाच, जिच्यात चापाला जोडलेल्या पट्टीचं टोक अडकतं.

हे सगळं करण्याआधी आम्ही नळीत गज घातला होता, हे सांगायलाच हवं. गज आत टेकेल तिथवर सोडायचा, तोंडापाशी खूण करायची, मग तो नळीच्या बाहेरून लावून पाहायचा. टोक कानापर्यंत, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक छिद्रापर्यंत पोचलं नाही तर आत काहीतरी अडकलंय, कदाचित जुना बारच. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर टांगलेली हत्यारंही भरलेली निघू शकतात.  तोफांच्या कानात मेखा ठोकून त्या निकामी करत, तोच हा कान. त्याच्या बाहेरच्या वाटीत रंजक, म्हणजे बारीक दारू असते. गारगोटी पोलादावर आपटली की ठिणग्या झडतात, रंजक पेटते आणि आग कानातून आत शिरते. दोन सैन्यांमध्ये 'चकमक झडते' हे आपण किती सहज बोलतो! चकमक शब्द तुर्की; आजच्या तुर्कीत 'चाकमाक' म्हणजे खिशातला लायटर.

१८०७ साली अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्यानं आघातानं पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं आणि पुढे अशी दारू भरलेली, घोडा आपटला की पेटणारी तांब्याची टोपी आली. रंजकीचा भपका पाहून पक्षी आधीच उडून जातात, हे शिकारीतलं फोर्सिथचं मूळ दुखणं. मग कित्येक जुन्या पिस्तुलांची वाटी काढून टाकली आणि गारगोटीच्या जबड्याऐवजी हातोडीसारखा घोडा बसवला. बाजूच्या पट्टीवर बुजवलेली भोकं दिसली तर असा बदल झालाय असं समजावं. जबडा गेला, हातोडी आली. मराठीत नाव घोडाच राहिलं.

तेव्हा तुम्ही वाचलेल्या वर्णनात चूक नाही, फक्त नेमकेपणा कमी आहे. घोड्याच्या डोक्याची किंवा जबड्याची झीज दिसत असेल तर 'घोडा झिजलेला' बरोबर. तो चढवल्यावर थांबत नसेल, तर मी लिहीन : 'घोडा अर्ध्यावर ठरत नाही, चाप चांगला.'