'कॅज्युअल' या शब्दाचा मूळ अर्थ काय?

जीन्स-टीशर्ट कॅज्युअल, रजा कॅज्युअल आणि दवाखान्यात कॅज्युअल्टी, या तिघांचा काय संबंध, असं तुम्ही विचारलंय. संबंध आहे, पण कपड्यांपासून सुरुवात केली तर सापडत नाही. रजेपासून करा.

मी नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या एका कार्यालयात आस्थापना शाखेत आहे. सकाळी टेबलावर दोन-चार अर्ज असतातच, 'नैमित्तिक रजा मिळणेबाबत'. कारण, 'घरगुती काम'. तोंडी विचारलं की, "अचानक काम पडलं ना जी!" आमच्याकडे काम निघत नाही, पडतं. गंमत म्हणजे लॅटिनमध्येही तेच. 'कादेरे' म्हणजे पडणे. त्यावरून 'कासुस', म्हणजे पडणं आणि अवचित येऊन पडलेला प्रसंगसुद्धा. फाशांचं दान पडतं तसा. पुढे 'कासुआलिस' झालं आणि फ्रेंचमार्गे 14व्या शतकाच्या अखेरीस ते इंग्रजीत आलं. अर्थ, योगायोगाने घडलेलं. 'केस', 'चान्स', 'ॲक्सिडेंट' हे याच घराण्यातले.

म्हणून कॅज्युअल लीव्ह ही आधी न ठरवलेली रजा. (जूनमध्येच दिवाळीची सीएल मागणाऱ्यांना हे सांगून पाहिलं, फरक पडला नाही.) कॅज्युअल लेबर म्हणजे काम पडेल तेव्हा बोलावलेला मजूर. कॅज्युअल्टी म्हणजे आधी नुसता योगायोग, मग दुर्घटना, मग लढाईतले मेलेले-जखमी, आणि आता मेडिकलमध्ये, म्हणजे आमच्या सरकारी रुग्णालयात, रात्री-बेरात्री पेशंट घेऊन आपण धावतो तो विभाग.

अघळपघळपणा फार उशिरा चिकटला. जे ठरवून केलं नाही ते फारसं मनावरही घेतलं नाही, असा अर्थ सरकत गेला. बेफिकीर माणसाला कॅज्युअल म्हणणं 19व्या शतकाच्या शेवटाकडचं, कपड्यांना म्हणणं तर 20व्या शतकातलं.

मराठीत याला एकच शब्द शोधू नका. गप्पा सहज मारलेल्या, कपडे साधे, माणूस बेफिकीर, मजूर रोजंदारीवरचा. रजेपुरतं बोलायचं तर रेल्वेतले माझे मित्र हिंदीत 'आकस्मिक अवकाश' लिहितात, ते मुळाच्या जास्त जवळचं आहे. आपल्या 'नैमित्तिक'मध्ये निमित्त आहे. तरी मला आपलाच शब्द पटतो. जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवर मॅच होती त्या दिवशी एकाच शाखेतून तीन अर्ज आले, तिन्हींवर 'घरगुती काम'.