गृहकर्ज : ऑनलाइन संस्था की जवळची शाखा?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी एक जुने घर विकत घेत आहोत. मी पगारदार आहे; पत्नी स्वतंत्रपणे अनुवादाची कामे घेत असल्याने तिचे उत्पन्न दरमहा कमी-जास्त होते. २० वर्षांच्या कर्जासाठी एका ऑनलाइन संस्थेने ८ टक्के व्याजदर व दीड टक्का प्रक्रिया शुल्क सांगितले आहे, तर जवळच्या शाखेने ८.२५ टक्के व्याजदर व पाव टक्का शुल्क. ऑनलाइन संस्थेची ‘तत्त्वतः मंजुरी’ दहा मिनिटांत हाती आली. मग स्वस्त आणि जलद पर्याय सोडून शाखेत खेटे का घालावेत?

उत्तर : आधी ‘स्वस्त’ म्हणजे किती, ते पाहू. एक लाख मुद्दलामागे ८ टक्क्यांनी मासिक हप्ता सुमारे ८३६ येतो आणि ८.२५ टक्क्यांनी ८५२, म्हणजे दरमहा साधारण १६ची बचत. ऑनलाइन संस्थेचे शुल्क मात्र लाखामागे १,२५०ने जास्त आहे आणि ते सुरुवातीलाच भरायचे आहे. हप्त्यातील बचतीतून ते भरून निघायला साडेसहा वर्षांहून अधिक काळ लागतो. कमी दरामुळे मुद्दल किंचित लवकर फिटते, तो लाभ धरला तरी सुमारे पाच वर्षे लागतातच. त्याआधी घर विकण्याचा किंवा कर्ज फेडून टाकण्याचा विचार असेल, तर तुमचा स्वस्त पर्याय महाग ठरेल. शिवाय दोन्ही दर बदलते असतील, तर आजचा आकडा फार काळ टिकत नाही. तो कोणत्या मूळ दराला जोडला आहे आणि त्यावर किती टक्के अधिक लावले आहेत, हे लेखी मागून घ्या.

आता ‘जलद’बद्दल. दहा मिनिटांत मिळालेली मंजुरी तुम्ही भरलेल्या आकड्यांना मिळाली आहे, घराला नाही. घराचे मूल्यांकन आणि मालकी हक्काच्या कागदपत्रांची छाननी अजून व्हायची आहे आणि गृहकर्जातला खरा वेळ तिथेच जातो. जुन्या घरात मधल्या एखाद्या व्यवहाराचा दस्त सापडत नाही, किंवा मागच्या बाजूला नंतर काढलेली खोली मंजूर नकाशात दिसत नाही. अशा वेळी शाखेतला अधिकारी कोणता पर्यायी कागद चालेल ते समोर बसवून सांगू शकतो, कारण त्या भागातली तशी प्रकरणे त्याच्या हाताखालून गेलेली असतात. ऑनलाइन संस्थेकडे तीच शंका मदत क्रमांकावर दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून समजावून सांगावी लागण्याची शक्यता असते आणि तिकडे इसार देऊन बसलेल्या खरेदीदाराची मुदत सरत असते.

पत्नीच्या उत्पन्नाचेही असेच आहे. ठरावीक निकषांवर चालणारी प्रणाली अनियमित उत्पन्नातली सर्वांत कमी कमाईच्या वर्षाची रक्कम धरू शकते किंवा कधी ते पूर्ण वगळू शकते, आणि मग अंतिम मंजुरीची रक्कम घटते. हातातील कामांचे करार आणि खात्याचे उतारे पाहून अनुकूल शिफारस करण्याची मोकळीक शाखेला असू शकते. ‘असू शकते’ असे म्हणतो, कारण अनेक शाखा केवळ फाइल पुढे पाठवण्याचे काम करतात; तसे असेल तर त्यांचे स्थानिकपण टेबल-खुर्चीपुरतेच उरते. निर्णय कोण घेतो, हे पहिल्याच भेटीत विचारा.

तुम्ही दोघेही पगारदार असता आणि घर नवे, निर्वेध कागदपत्रांचे असते, तर मी बिनदिक्कत ऑनलाइन संस्था सुचवली असती. तुमच्या बाबतीत मात्र मी शाखेकडे झुकतो, पण ८.२५ टक्के मुकाट्याने मान्य करू नका. ऑनलाइन संस्थेचे पत्र शाखेसमोर ठेवून दर कमी करायला सांगा. दोन्ही प्रस्ताव एकाच दिवसाचे, एकाच मुदतीचे आणि सर्व शुल्कांसह असले, तरच घासाघीस नीट करता येते. उलट, इसाराची रक्कम देण्यापूर्वी ऑनलाइन संस्थेने मूल्यांकन व कागदपत्रांची छाननी पूर्ण करून अंतिम मंजुरी लेखी दिली, तर माझा बराचसा आक्षेप उरत नाही.

निवड कोणतीही करा, पण दोघांनाही आणखी एक गोष्ट विचाराच : घराचे मूळ दस्त तारण म्हणून ठेवून घेणार असतील, तर ते कोठे राहतील आणि कर्ज फिटल्यावर किती दिवसांत, कोणाच्या हातून परत मिळतील?