नॉर्वेतील लोम या ग्रामीण नगरपालिकेचं नाव कशावरून पडलं? तिथला भूगोल आणि इतिहास काय?

नाव जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘लो’वरून आलं, अर्थ कुरण, विशेषतः नदीकाठचं. आधी ते एका शेतवाडीचं नाव होतं. तिथे चर्च झालं आणि मग सगळा परगणा त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. बाराव्या शतकातलं ते लाकडी चर्च आजही उभं आहे, जरूर बघा.

१८३८ मध्ये नगरपालिका झाली, १८६६ मध्ये तिचाच एक भाग, श्योक, वेगळी नगरपालिका झाला.

उत्तर युरोपातलं सर्वोच्च शिखर, २४६९ मीटरचं गाल्हेपिग्गेन, इथेच. पण मला सर्वांत भावतं ते पाणी. डोंगर पाऊस अडवतात, त्यामुळे हे खोरं पर्जन्यछायेत, अगदी कोरडं. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या डोंगरातून पाट काढून शेतं भिजवली. नगरपालिकेच्या मानचिन्हावरही पाणी शिंपडायची तीन अवजारंच आहेत!