वाचक विचारतात : शाळा सुटल्यावर नदीकाठी

थंडी ओसरू लागली की नागपुरातल्या घराघरांत पोरांना जरा बाहेर न्यायचं ठरतं. या महिन्यात नदीकाठाविषयी बरीच पत्रं आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

आमची मोठी मुलगी पाचवीत आहे, धाकटा पहिलीत. शाळा चारला सुटते. आठवड्यातून एकदा कन्हान नदीवर न्यावं म्हणते, पण घरून निघेपर्यंत अंधार पडायला येतो. कसं जमवायचं? (एक आई, मानेवाडा)

आधी सूर्याचा हिशेब मांडा. नागपुरात डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, जानेवारीच्या मध्याला पावणेसहानंतर थोडा, फेब्रुवारीअखेर सव्वासहाला आणि मार्चअखेर साडेसहाच्या आसपास. मानेवाड्याहून कामठीच्या बाजूला कन्हान गाठायला संध्याकाळच्या रहदारीत पाऊण तास ते तास धरा. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत चारची शाळा आणि कन्हान यांचा मेळ बसतच नाही. तो ओढूनताणून बसवायला गेलात, तर वीस मिनिटांसाठी दोन तास गाडीत जातील आणि पोरं कंटाळतील. हे दोन महिने शनिवार-रविवारची सकाळ वापरा.

खरा हंगाम फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. एकच वार ठरवा. सकाळीच पिशवी भरून गाडीत ठेवा : प्रत्येकाचा एक जास्तीचा कपड्यांचा जोड, पट्ट्याचे जुने सँडल, दोन टॉवेल, चार लिटर पाणी, मुरमुऱ्याचा चिवडा, फुटाणे आणि संत्री. दप्तर घेऊन थेट शाळेतूनच निघा. घरी गेलात की अर्धा तास गेलाच समजा. पाण्याजवळून निघायची वेळ सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीची, कारण काठावरून गाडीपर्यंत येणं, पाय धुणं आणि कपडे बदलणं यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. शिवाय दिवेलागणीला काठावर डास एकदम उठतात. प्रत्यक्ष काठावर पाऊण तास ते सव्वातास मिळेल. सहा वर्षांच्या मुलाला तेवढा पुरतो, फक्त त्या तासात एकच काम ठेवा. आज दगड, पुढच्या खेपेला ठसे, त्यानंतर पक्षी. सगळं एकाच दिवशी करायला गेलं की काहीच धड होत नाही.

नाग नदी आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. एवढ्या दूर कन्हानला जाण्यापेक्षा तिथेच मुलांना खेळू दिलं तर? (एक वडील, महाल)

नको. या शहराला नाव देणारी नदी आज शहराचं सांडपाणी वाहून नेते. त्या पाण्यात हात घालणं, कडेच्या चिखलात खेळणं, तिथला चेंडू उचलणं हे सगळं टाळा. पायाला खरचटलेलं असेल तर आणखीच जपा.

मात्र नाग नदी दाखवायचीच नाही, असं आम्ही अजिबात म्हणणार नाही. पुलावरून ती जरूर दाखवा. पश्चिमेकडे लाव्ह्याच्या टेकड्यांत उगम, अंबाझरी, मग शहर आणि पुढे पूर्वेला कन्हानकडे असा तिचा नकाशा मुलांना वहीत काढू द्या. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घरांत शिरलं. त्या पुराची खूण तुमच्या भागातल्या एखाद्या भिंतीवर असेल, तर ती मुलाच्या उंचीशी लावून बघा. एका रात्रीत नदी किती चढते, हे त्याला पुस्तकापेक्षा त्या भिंतीवर लवकर कळेल.

कन्हानचं पाणी हिवाळ्यानंतर गुडघाभरच दिसतं. मुलं उतरायचा हट्ट धरतात. उतरू द्यावं का, हे कशावरून ठरवायचं? (एक वाचक, कामठी)

‘दिसतं’ या शब्दातच धोका आहे. कन्हानच्या पात्रातून वाळू उपसली जाते. उपशाचे खड्डे पाण्याखाली राहतात आणि वरून पृष्ठभाग सारखाच दिसतो. घोटाभर पाण्यातून पुढचं पाऊल डोक्याएवढ्या खोलीत पडू शकतं, आणि खड्ड्याची कड सैल वाळूची असल्याने ती पायाखालून घसरते. बुडण्याच्या घटना अशाच जागी होतात.

म्हणून आधी मोठ्या माणसाने एकट्याने उतरायचं. दुसरा मोठा माणूस काठावर. हातात पाच-सहा फुटांची काठी, पाऊल टाकण्यापूर्वी समोर आणि दोन्ही बाजूंना टोचून बघायचं. साधारण पाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद एवढाच पट्टा तपासा आणि चारही कोपऱ्यांना काठ्या रोवा. मुलांची नदी तेवढीच. त्यातही पाणी मुलाच्या गुडघ्याखाली हवं. मोठ्यांच्या गुडघ्याचं माप इथे चालत नाही.

मग ओढ मोजा. त्यासाठी आपल्याकडे उत्तम साधन आहे : संत्रं. न सोललेलं संत्रं तरंगतं, कारण सालीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. त्याचा बराचसा भाग पाण्यात बुडालेला राहतो, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. पान किंवा कागदी होडी वाऱ्याने भरकटते आणि वेग चुकीचा येतो. काठावर दोरीने दहा मीटर मोजून दोन्ही टोकांना खुणा करा. वरच्या खुणेच्या दोन-तीन मीटर आधी संत्रं सोडा, म्हणजे खुणेपर्यंत ते प्रवाहाच्या वेगाला येईल. खालच्या खुणेजवळ मोठ्या माणसाने लांब दांडीची जाळी घेऊन उभं राहायचं. दोन खुणांमधला वेळ मोबाइलवर मोजा. तीन वेळा करा आणि सरासरी घ्या. दहा मीटरला वीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर मुलांना उतरवू नका, ही आमची मर्यादा आहे. वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट होतो, म्हणून ‘थोडीशीच जास्त ओढ आहे’ या म्हणण्याला अर्थ नसतो. काठाजवळ टाकलेलं संत्रं काठाचाच वेग सांगतं, मधल्या धारेचा वेग त्याहून जास्त असतो, हेही ध्यानात ठेवा. पाचवी-सहावीच्या मुलांना हाच हिशेब पुढे नेता येतो. पृष्ठभागाचा वेग गुणिले ०.८५ केलं की वरपासून तळापर्यंतचा सरासरी वेग अंदाजे मिळतो.

तिसरी गोष्ट पाणी चढण्याची. पेंच आणि कोलार या नद्या बिना संगमाला कन्हानला मिळतात, आणि पेंचवर वरच्या बाजूला तोतलाडोह आणि नवेगाव खैरी ही धरणं आहेत. तिथून पाणी सुटलं तर कामठीला आभाळ निरभ्र असूनही नदी चढू शकते. पोहोचल्या-पोहोचल्या पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवा आणि दर दहा मिनिटांनी बघा. पाणी काडीपलीकडे दोन बोटं जरी सरकलं, तरी सगळ्यांनी वर यायचं. नितळ पाणी अचानक गढूळ होणं, काड्या-पाला वाहून येऊ लागणं, आवाज बदलणं या खुणाही तेच सांगतात. जून ते ऑक्टोबर मुलांना पाण्यात उतरवण्याचा विचारच करू नका.

सोबत एक साधं साधन ठेवा : पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन, झाकण घट्ट, आणि मुठीला बांधलेली पंधरा मीटर नायलॉनची दोरी. कॅनमध्ये दोन-तीन पेले पाणी ठेवा. अगदी रिकामा कॅन हवेत भरकटतो आणि दूर जात नाही. कुणी ओढीत सापडलं तर मागे उडी न मारता कॅन फेकायचा, आणि ओढताना आपण काठावर आडवं पडायचं. वर काढलेल्या माणसाला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नका, त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास आणि छातीवर दाब सुरू करा, दुसऱ्याने १०८ किंवा ११२ फिरवायचा.

मी पाण्यावर दगड फेकतो तर तो बुडतो. दादाचा चार-पाच टप्पे घेतो. माझं काय चुकतं? (इयत्ता पाचवी, वाडी)

बहुतेक तू वरून फेकतोस. गुडघे वाकवून हात खाली आण आणि दगड पाण्याला जवळपास समांतर सोड. दगड तळव्यात मावणारा, चपटा आणि बोटाच्या जाडीचा हवा. पहिलं बोट त्याच्या कडेवर गुंडाळ आणि सोडताना मनगटाला झटका दे. दगड भोवऱ्यासारखा फिरला तरच तो कलंडत नाही. दगडाची पुढची कड किंचित वर असू दे. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी २००४ साली यंत्राने चकत्या फेकून पाहिलं, तेव्हा दगड आणि पाणी यांत सुमारे वीस अंशांचा कोन सर्वांत चांगला ठरला. काटकोनाचे साडेचार भाग केले तर त्यातला एक. कोन फार वाढला की दगड पहिल्याच टप्प्यात उंच उडतो आणि पुढे जोर उरत नाही. कवेलूचे किंवा काचेचे तुकडे मात्र फेकू नकोस, नंतर कुणाच्या तरी पायात जातात. आणि फेकताना समोर कुणी पाण्यात नाही ना, हे आधी बघ.

काठावर रोडगे करायचे आहेत. मागच्या वेळी बाहेरून करपले आणि आतून कच्चे राहिले. (एक वाचक, इंदोरा)

शाळेच्या दिवशी रोडगे करू नका, त्याला अडीच तास लागतात. हा रविवारचा बेत. कच्चे राहण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं : गोवऱ्यांची ज्योत विझायच्या आत रोडगे घातले जातात. ज्योतीने वरचं कवच लगेच कडक होतं आणि उष्णता आत पोहोचत नाही.

चार जणांना जाडसर दळलेली अर्धा किलो कणीक, पाव वाटी कडकडीत तेलाचं मोहन, चमचाभर ओवा, दीड चमचा मीठ, चिमूटभर हळद. मोहन कणकेला चोळून मूठ वळली की जमलं. पाणी हळूहळू घालत घट्ट भिजवा, साधारण एक ते सव्वा पेला लागेल. हे घरीच करून झाकून न्या, वांग्याची भाजीही घरूनच न्या. काठावर एक छोटी जाड पुरी लाटा, तेल लावा, तिचा गोळा करा. तो दुसऱ्या पुरीत गुंडाळा, मग तिसऱ्या. तीन पदर पुरेत, आणि शेवटचं तोंड नीट चिमटून बंद करा. आकार मध्यम संत्र्याएवढा. त्याहून मोठे केले की मध्य शिजत नाही.

वाळूत वीतभर खोल खड्डा करून वीस-पंचवीस गोवऱ्या पेटवा. अर्ध्या-पाऊण तासाने ज्योत जाऊन वर राखेचा पांढुरका थर आला की रोडगे आरावर ठेवा आणि सारखे फिरवत वीस मिनिटं भाजा. मग गरम राखेत पुरून आणखी वीस-पंचवीस मिनिटं. एक फोडून बघा, पदर सुटे दिसले की झाले. राख झटकून, फोडून, वर तूप. भाजीवर सांबार (कोथिंबीर) मात्र तिथेच चिरून घाला, घरून नेलेला सुकतो.

दोन गोष्टी आवर्जून. पुलाखाली किंवा उंच झाडाखाली चूल मांडू नका. तिथे आग्यामोहोळ असू शकतं आणि धुराने ते उठतं. आधी मान वर करून बघा. दुसरं, जाताना आर वाळूने बुजवू नका. वाळूखाली निखारे तासन्‌तास धगधगत राहतात, वरून काही दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी अनवाणी येणाऱ्या पोराचा पाय भाजतो. बादलीभर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि हात वर धरून धग उरली नाही याची खात्री करूनच निघा.

नातवंडं दहा मिनिटांत मोबाइल मागतात. पाण्यात न उतरता काय करता येईल? (एक आजोबा, सदर)

ठशांचे साचे. ओल्या वाळूवर टिटवी, बगळा, मुंगूस, कुत्रा यांचे ठसे स्पष्ट उमटतात. सकाळी गेलात तर ते जास्त ताजे मिळतात. पुठ्ठ्याची दोन इंच उंच पट्टी गोल करून ठशाभोवती वाळूत रुतवा. प्लास्टर ऑफ पॅरिस दोन भाग, पाणी एक भाग. पाण्यात पूड घालायची, पुडीत पाणी नाही, नाहीतर गुठळ्या होतात. मिनिटभर हलक्या हाताने ढवळा आणि ठशाच्या बाजूला ओता. थेट ठशावर ओतलं की वाळूचे कण उधळतात आणि नख्यांच्या बारीक खुणा जातात. अर्ध्या-पाऊण तासाने खालून वाळूसकट उचला, कागदात गुंडाळा आणि दुसऱ्या दिवशीच ब्रशने साफ करा. त्याच संध्याकाळी धुतलात तर कडा गळतात. उरलेलं प्लास्टर नदीत टाकू नका, डब्यातच घट्ट होऊ द्या आणि घरी न्या.

प्लास्टर घट्ट होईपर्यंतचा अर्धा तास पक्ष्यांसाठी. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबून सरळ खाली सूर मारणारा काळा-पांढरा पक्षी म्हणजे कवड्या धीवर. तारेवर बसून वाट बघणारा निळ्या पाठीचा, तपकिरी डोक्याचा तो खंड्या. कोण किती वेळा सूर मारतो आणि किती वेळा मासा घेऊन वर येतो, याच्या रेघा नातवंडांना वहीत मारू द्या. मार्चपासून टिटवी उघड्या वाळूत, गोट्यांमध्येच अंडी घालते आणि ती गोट्यांसारखीच दिसतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर मुलांना आल्या पावली मागे घ्या आणि दुसरी जागा धरा.